प्रकरण नववे : महाराणीची झालर

मोठ्या उपासाच्या आदल्या दिवशी, क्षमेच्या रविवारी, लोपातिनांच्या घरात सकाळपासून दोन कामं चालली होती. स्वयंपाकघरात लोण्याच्या आठवड्यातल्या शेवटच्या ब्लिनी, पातळ धिरडीच ती, तव्यावर पडत होत्या, आणि पलीकडच्या खोलीत विधवा सुनेची पेटी भरली जात होती. ब्लिनी उस्तिन्या करत होती, पेटी फेक्ला भरत होती, आणि मधलं दार उघडं असूनही दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या.

ठरलं होतं ते साधंच होतं. उत्तरेकडून मासळी घेऊन आलेल्या बर्फगाड्या रिकाम्या होऊन सोमवारी सकाळी परत निघणार होत्या. त्यातल्या एका गाडीवर फेक्लाला बसवून तिच्या माहेरी, पांढऱ्या समुद्राकडच्या गावात, धाडायचं होतं. प्लातोनला जाऊन दुसरा हिवाळा सरत आला होता. मुलगा गेला, पोटी मूल नाही, मग सुनेने पीटर्सबर्गात राहून करायचं काय, असा उस्तिन्याचा सवाल होता. तो तिने लेकीला विचारला होता, शेजारणीला विचारला होता, पाद्रीबाबांच्या बायकोलाही विचारला होता. फेक्लाला तेवढा विचारला नव्हता. तिला नुसतं सांगितलं होतं.

"बरं," फेक्ला म्हणाली होती. त्या 'बरं'नेच उस्तिन्याचं डोकं उठलं होतं. रडली असती, भांडली असती, तर समजूत तरी घालता आली असती. मुक्या माणसाशी भांडायचं म्हणजे भिंतीवर डोकं आपटायचं.

खरं सांगायचं तर उस्तिन्याला सुनेचा राग नव्हता. फेक्ला जेवायला बसली की तिच्या शेजारची रिकामी जागा दिसायची, आणि ती जागा बघवत नव्हती, एवढंच होतं. पण एवढं साधं कारण कुणाला सांगणार? म्हणून मग तिच्या अंगाला मासळीचा वास येतो, ती कसल्याशा गवताच्या काड्या पाण्यात भिजत घालून ठेवते, घर आहे की वैदूचं पाल, असली कारणं पुढे करावी लागत.

"अहो, ब्लिनी थंड होतायत," तिने अंगणाकडच्या दारातून हाक मारली.

समोरच्या कारखान्यातून तिचा नवरा साव्वाती मिखेयेविच बाहेर आला. साठी उलटलेला, दाढीत संगमरवराची पांढरी भुकटी, आणि चाल ताठ. दारात क्षणभर थांबून त्याने वर पाहिलं. "आज आभाळ मोकळं आहे," तो म्हणाला. आभाळ गच्च भरलेलं होतं. "हो, छान ऊन पडलंय," उस्तिन्या म्हणाली.

तिला माहीत होतं. साव्वातीला आता उजेड आणि सावली, यापलीकडे फारसं दिसत नव्हतं. तिने ते कुणालाही सांगितलं नव्हतं, अगदी त्यालासुद्धा. त्याचा पेला ती नेहमी ताटाच्या उजव्या कोपऱ्याशीच ठेवायची, बाक जागचा हलू द्यायची नाही, त्याच्या कोटाची बटणं खालून वर बोलत बोलत स्वतःच लावायची. मूर्तिकाराचे डोळे गेले हे गावाला कळलं तर दारात दगड कोण आणून टाकणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. ही मूठ ती एकटी दोन वर्षं दाबून बसली होती आणि तिची बोटं आता दुखायला लागली होती.

*

लेक-जावई दुपारी आले. ग्लाफिरा आली ती थेट चुलीपाशी. आर्सेनी मात्र टोपी हातात धरून उभाच राहिला. तो काउंट झ्वान्त्सेव्हच्या कचेरीत कारकून होता, आणि काउंटच्या गावाकडच्या हवेलीसाठी दिवंगत महाराणी येकातेरिनाच्या अर्धपुतळ्याचं काम सासऱ्याला मिळवून देण्यात त्याने आपला शब्द खर्ची घातला होता.

"बसा जावईबापू. ब्लिनी काही तुमच्यावर फिर्याद करणार नाहीत."

"बसतो, आई. पण आधी मूर्ती बघितली असती तर बरं होतं. उद्या काउंटची माणसं येणार न्यायला."

"भरल्या पोटी बघितली तर मूर्ती कुरूप दिसते का रे?" साव्वातीने विचारलं.

आर्सेनी बसला. पण चार घास खाऊन होताहेत तोच त्याने विषय काढलाच. "बाबा, राग मानू नका. मागच्या वर्षी त्या व्यापाऱ्याने पुतळा परत पाठवला. एक पापणी खाली आली होती म्हणे. तेव्हापासून लोक काहीबाही बोलतात. हाही परत आला तर माझी नोकरी एक वेळ राहील, पण तुमच्या दारात पुन्हा कुणी येणार नाही."

"काय बोलतात लोक?" साव्वाती शांतपणे म्हणाला.

आर्सेनीने उत्तर द्यायला तोंड उघडलं. उस्तिन्याने त्याच्या ताटात आणखी एक ब्लिनी टाकली आणि वर आंबट साय ओतली. जावयाचं तोंड बंद करायला तिच्याकडे तेवढंच शस्त्र होतं.

ग्लाफिराने विषय बदलावा म्हणून फेक्लाकडे पाहिलं. "वहिनी, पेटी भरून झाली का? लोकरीची शाल आईकडून मागून घे हो. तुमच्याकडे म्हणे उन्हाळासुद्धा शाल पांघरूनच येतो."

"शाल आहे माझी," फेक्ला म्हणाली.

"आमचा प्लातोन तिकडून बायको घेऊन आला," उस्तिन्या लेकीला म्हणाली, "आणि बायकोच्या जिभेचा अर्धा भाग तिकडेच बर्फात विसरून आला."

ग्लाफिरा हसली. फेक्लाही किंचित हसली, आणि ते हसणं बघून उस्तिन्याला आपलंच बोलणं कडू लागलं. साव्वाती हसला नाही. पेल्याकडे हात नेत तो बायकोला म्हणाला, "त्याच गाड्यांवर बसून मीही या शहरात आलो होतो. गोठलेल्या कॉड मासळीच्या ढिगावर. माझ्याही अंगाला वास येत होता. तुझ्या बापाने खिडकी उघडली होती, आठवतंय?"

"उघडली होती. आणि मी बंद केली होती," उस्तिन्या म्हणाली. मग ती उठून उगाचच चुलीतली लाकडं हलवायला गेली.

*

कारखान्यात थंडी होती. मधोमध लाकडी बैठकीवर कापड पांघरलेली मूर्ती, एका भिंतीला लांब बाक, त्यावर छिन्न्या, कानशी, दगड घासायचे झामे, ओळीने लावलेले. उस्तिन्या इथे फारशी येत नसे. ती ओळ बघून तिला वाटलं, आपल्या नवऱ्याची शिस्त अजून शाबूत आहे, देवाची कृपा. बाकाच्या टोकाला पाण्याच्या वाडग्यात त्या गवताच्या काड्या भिजत पडलेल्या होत्या. गाठी गाठी असलेलं, दलदलीत उगवणारं खरखरीत गवत. इथेसुद्धा हिचं औषध, तिने मनात म्हटलं.

साव्वातीने कापड ओढलं.

 म्हाताऱ्या वयातली महाराणी होती ती. हनुवटीखाली दुसरी हनुवटी, कपाळावर लॉरेलच्या पानांचा मुकुट, ओठांच्या कोपऱ्यात हसू. जणू कुणीतरी काहीतरी मागायला आलं आहे, आणि द्यायचं की नाही हे तिने कधीच ठरवून टाकलं आहे. साव्वातीने तरुणपणी तिला एकदा जवळून पाहिलं होतं. तो चेहरा त्याने डोळ्यांनी एकदा पाहिला आणि मातीत बोटांनी शंभरदा केला होता. त्यामुळे या वेळी बोटांना डोळ्यांची गरज पडली नव्हती. उस्तिन्याचा जीव भांड्यात पडला.

"बाबा, हे अप्रतिम आहे," आर्सेनी म्हणाला. तो खरोखर हलला होता. "आणि बुबुळं कोरली नाहीत हे किती बरं केलंत. रोममध्ये आता हीच रीत. प्राचीन मूर्तींसारखे कोरे डोळे. काउंट खूश होतील."

"रीत म्हणजे रीत," साव्वाती गंभीरपणे म्हणाला.

उस्तिन्याने शाल तोंडावर ओढून घेतली. आयुष्यभर बुबुळं कोरून डोळ्यांत चमक आणणारा माणूस या वेळी का थांबला, हे तिला सांगायला रोमची गरज नव्हती.

आर्सेनी आता जवळ जाऊन बघत होता. मूर्तीच्या छातीवर लेसची झालर होती. ती इतकी बारीक, इतकी आरपार कोरलेली होती की खिडकीतला उजेड तिच्या जाळीतून पलीकडे जात होता. त्याने बोट लावायला हात उचलला आणि पुन्हा खाली घेतला. "ही झालर... बाबा, अशी झालर मी राजधानीत बघितली नाही." मग तो आणखी वाकला. "पण हे काय आहे?"

"काय?"

"इथे, खांद्याखालच्या कोपऱ्यात. बारीक वर्तुळं, आणि प्रत्येक वर्तुळात एक ठिपका. ही काही दरबारी लेस नव्हे. दरबारी लेसमध्ये फुलं असतात, पानं असतात. हे तर..." त्याला शब्द सापडेना. "हे बाजारात कोळणी विकतात त्या कंगव्यांवर असतं तसलं आहे."

उस्तिन्या पुढे झाली. एक नजर टाकली आणि जागच्या जागी थांबली. तिने हे ठिपक्यांचे डोळे पाहिले होते. लग्नाच्या वेळी फेक्लाने सासूला वॉलरसच्या दातातून कोरलेला एक कंगवा आणला होता, स्वतःच्या हातचा. त्याच्या पाठीवर असेच डोळे होते, वर्तुळ आणि ठिपका, वर्तुळ आणि ठिपका. उस्तिन्याने तो कधी केसांत घातला नव्हता. आपल्या पेटीच्या तळाशी ठेवून दिला होता.

तिने वळून फेक्लाकडे पाहिलं. सून दाराशी उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"रिकामी जागा राहिली होती," फेक्ला हळूच म्हणाली. "हात आपोआप गेला. माझ्या लक्षात आलं तोवर सात डोळे कोरून झाले होते."

"तुझा हात?" आर्सेनी म्हणाला. "तुझा हात महाराणीच्या मूर्तीवर काय करत होता?"

 ग्लाफिराने आईकडे पाहिलं. अशा वेळी आई काय बोलते ते तिला ठाऊक होतं, आणि त्या बोलण्याला जोड द्यायला ती तयारच होती. पण उस्तिन्या बाकाच्या टोकाशी जाऊन उभी राहिली. तिची नजर वाडग्यातल्या त्या काड्यांवर गेली होती. एक काडी बाहेर काढून तिने अंगठ्याने चोळली. कानशीसारखी खरखरीत होती ती.

"हे औषध नव्हे," ती म्हणाली.

"नाही, आई. आमच्याकडे हाडावरचं काम याने घासून गुळगुळीत करतात. झालरीच्या जाळीत झामा शिरत नाही. हे शिरतं."

"कधीपासून?"

"थंडी पडली तेव्हापासून. मामंजींची कानस झालरीवरून घसरली. एक फूल उडालं. त्यांना..." ती थांबली.

"त्यांना दिसलं नाही," साव्वातीने वाक्य पुरं केलं. "बोल की पोरी. जावयाला कळू दे लोक काय बोलतात ते. लोक खरं बोलतात."

आर्सेनीने टोपी डोक्यावर घातली आणि पुन्हा काढली.

"फूल उडालं ते मलाही कळलं होतं," साव्वाती पुढे म्हणाला. "बोटाला कळतं. दुपारभर त्या बाकावर पडून मी विचार करत होतो, की आता हातोडा घेऊन हिचं नाकही उडवून टाकावं म्हणजे प्रश्न मिटला. तिथेच झोप लागली. जागा झालो, हात फिरवला, तर उडालेल्या फुलाच्या जागी खालच्या थरात नवं फूल. मला वाटलं, घराचा राखणदार आला. आमच्या गावी आजी म्हणायची, राखणदार खूश झाला तर रात्रीतून अर्धवट काम पुरं करून जातो. म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी पावाचा तुकडा ठेवला, वर मध लावून."

"ते होय," उस्तिन्या म्हणाली. "मी म्हटलं, मध कुठे जातो इतका."

"तुकडा गेला आणि झालर वीतभर पुढे सरकली. मग मी रोज झोपेचं सोंग घ्यायला लागलो. एक दिवस राखणदार शिंकला. राखणदाराला सर्दी होत नाही."

ग्लाफिराला हसू आवरेना. फेक्लाच्या मात्र डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "उंदीर खातील म्हणून मी तो खाल्ला," ती म्हणाली. "पहिला. मग रोज दिसायला लागला. मला ठाऊक होतं तो माझ्यासाठी नाही. पण प्लातोन गेल्यापासून या घरात कुणी माझ्यासाठी काही ठेवलेलं नव्हतं. म्हणून मी खात राहिले."

"पहिला राखणदारासाठी होता," साव्वाती म्हणाला. "पुढचे सगळे तुझ्यासाठीच होते."

उस्तिन्याला ते ऐकवेना. तिने तोंड बाकाकडे फिरवलं, आणि पुन्हा तीच ओळ दिसली. मोठी छिन्नी डावीकडे, मग मधली, मग धाकटी, मग कानशी, प्रत्येकीची मूठ माणसाकडे वळवलेली. ती स्वतः नवऱ्याचा पेला जसा नेहमी ताटाच्या उजव्या कोपऱ्याशी ठेवायची, तशीच.

"ही ओळ कोण लावतं?" तिने विचारलं.

"मी," फेक्ला म्हणाली. "म्हणजे मामंजींना शोधायला लागू नये. आणि पेला तुम्ही ठेवता तो मी पाहिला होता. त्यावरून सुचलं."

"तुला माहीत होतं? मला माहीत आहे ते?"

"हो, आई."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कुठे बोललात?"

म्हणजे एका छपराखाली तिघं जण तेच गुपित एकमेकांपासून लपवत होते, आणि त्यातलं सगळ्यात जड टोक आपण एकटीनेच उचललंय असं उस्तिन्या धरून चालली होती. दुसऱ्या टोकाला ही उभी होती. रोज उभी होती, आणि आपण तिची पेटी भरायला लावली. ती बाकावर बसली.

"आणि तुम्ही?" ती नवऱ्याला म्हणाली. "सगळं ठाऊक होतं, तर हिला पाठवायचं ठरलं तेव्हा तोंडात काय कोंबलं होतं?"

"हिचं सांगायचं तर माझ्या डोळ्यांचंही सांगायला लागलं असतं. आज उद्या करत राहिलो," साव्वाती म्हणाला. "आज मात्र सुटका नाही. आज क्षमेचा रविवार आहे."

दरवर्षी या दिवशी घरातलं सगळ्यात धाकटं माणूस आधी वाकतं आणि क्षमा मागतं. मग त्याच्याहून मोठं, मग त्याहून मोठं, आणि घराचा कर्ता सगळ्यात शेवटी. लोपातिनांकडे हा क्रम कधी चुकला नव्हता. फेक्ला सगळ्यात धाकटी. ती पुढे झाली आणि वाकणार, तोच साव्वातीने हात पुढे करून तिचा खांदा चाचपला आणि तिला सरळ उभं केलं. मग एक हात मूर्तीच्या बैठकीवर टेकवून तो स्वतः गुडघ्यांवर बसला, आणि कपाळ जमिनीवर टेकलं. दगडाची भुकटी त्याच्या कपाळाला लागली.

"मामंजी, असं नका करू," फेक्ला म्हणाली.

"क्षमा मागत नाही मी," तो खालूनच म्हणाला. "ती नंतर मागेन. हे उपकाराचं आहे. माझं शेवटचं काम तू मला अर्धवट टाकू दिलं नाहीस."

आर्सेनीने त्याला उठायला हात दिला. भला माणूस होता तो, पण शेवटी कारकून. घसा साफ करून तो म्हणाला, "सगळं ठीक आहे. वहिनींचे उपकारच आहेत. पण ते सात डोळे तेवढे घासून टाकले तर? काउंटनी विचारलं तर मी काय सांगू?"

"घासून टाकते मी," फेक्ला लगेच म्हणाली. "अकादमीत शिकताना मामंजींची गावाकडचे असे डोळे कोरायची सवय छड्या मारून सोडवली होती, ते मला सांगत. माझी कुणी सोडवली नाही, म्हणून चुकलं."

"हात लावायचा नाही," उस्तिन्या म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात तिने या कारखान्यातल्या दगडाविषयी कधी एक शब्द काढला नव्हता.

"चेहऱ्याला डोळे नाहीत, ते तुम्हाला चालले, जावईबापू. ती म्हणे रोमची रीत. मग झालरीला डोळे आहेत, ती आमची रीत. काउंटनी विचारलं तर तसं सांगा. आणि पाठीमागे यांचं नाव कोरलंय, त्याच्याखाली हिचंही येऊ दे."

"बाईचं नाव? आई, काउंट काय म्हणतील?"

"मूर्ती कोनाड्यात ठेवणार ना? पाठ भिंतीकडे. भिंत काही काउंटला चुगली करणार नाही."

आर्सेनी विचारात पडला. मग त्याने झालरीकडे एकदा पाहिलं, खिडकीतल्या उजेडाकडे पाहिलं, आणि मान हलवली. "भिंतीकडे असेल तर चालेल," तो म्हणाला. ग्लाफिरा, जी सकाळपासून आईच्या बाजूने होती, ती आता शाल काढून वहिनीच्या खांद्यांवर घालत होती. वारा फिरला की सूप फिरवायचं हे तिला आईकडूनच आलेलं होतं.

साव्वातीने बाकावर हात नेला. सगळ्यात धाकटी छिन्नी त्याला न शोधता सापडली. ती त्याने सुनेच्या हातात दिली.

*

संध्याकाळी लेक-जावई गेल्यावर उस्तिन्याने गाडीवाल्यांकडे निरोप धाडला, की आमच्याकडून कुणी येत नाही, वाट बघू नका. उरलेल्या ब्लिनीही त्यांना पाठवल्या. उद्यापासून मोठा उपास, लोणी लागलेलं घरात ठेवून करायचं काय.

पलीकडच्या खोलीत पेटी अजून तशीच होती, दोरी बांधलेली. फेक्ला तिच्या शेजारी उभी होती. दोरी सोडावी की नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि न सांगता काही करायची तिला सवय नव्हती. सासूला बघताच ती वाकली. "आई, क्षमा करा."

याला उत्तर ठरलेलं असतं. देव क्षमा करेल, तूही मला कर. लहान मुलालासुद्धा पाठ असतं. उस्तिन्याने तोंड उघडलं, पण ते शब्द आलेच नाहीत.  ती खाली बसली, आपल्या पेटीत कोपरापर्यंत हात घालून तळ ढवळला आणि पांढरा कंगवा बाहेर काढला. मग डोक्यावरचा रुमाल सोडला. परक्या माणसासमोर तो तिने कधी सोडला नव्हता, आणि गेल्या सहा वर्षांत सुनेसमोरही नाही. वेणी पातळ झाली होती, पार पांढरी.

ती सुनेकडे पाठ करून बाकावर बसली आणि खांद्यावरून कंगवा मागे धरला.

"हळू विंचर," ती म्हणाली. "आणि रोज विंचरावे लागतील. माझा हात वर जात नाही आता."